हुलिओ फ्रँकोचे हिट्स नेमके किती?

बेसबॉलपटू हुलिओ फ्रँकोने आयुष्यात किती हिट्स मारले, असं विचारलं की अमेरिकेतलं रेकॉर्डबुक सांगतं, २५८६. आकडा बरोबर आहे, पण उत्तर म्हणून मला तो मान्य नाही. हा माणूस जपानमध्ये खेळला, कोरियात खेळला, मेक्सिकोत खेळला, हिवाळ्यात मायदेशी म्हणजे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळला, आणि सुरुवातीची काही वर्षं अमेरिकेतल्याच मायनर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, घासला. त्यातला एकही हिट या २५८६ मध्ये नाही. सगळं एकत्र केलं की बेरीज ४२०० च्या वर जाते. म्हणजे सोळाशेहून जास्त वेळा या माणसाने बॅट फिरवली, चेंडू मोकळ्या जागेत धाडला, धावत जाऊन बेस गाठला, आणि ते सगळं हिशेबाच्या बाहेर राहिलं. मला हे का लागतं, ते पुढं येईलच.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचरने टाकलेला चेंडू टप्पा न घेता थेट तुमच्या अंगावर येतो. तो मारायचा, आणि कुणी झेल घ्यायच्या किंवा चेंडू पहिल्या बेसवर पोचायच्या आत आपण तिथं पोचायचं. पोचलात की हिट. दहा संधींत तीन हिट्स मिळवणारा बॅटर उत्तम समजला जातो, त्याची सरासरी ०.३०० अशी लिहितात. चेंडू मारून दुसऱ्या बेसपर्यंत पोचलात तर डबल, कुंपणापलीकडं धाडलात तर होम रन, तीनदा चुकलात तर स्ट्राइकआउट, आणि चेंडू न मारता पळून पुढचा बेस गाठला तर तो बेस चोरला म्हणायचं. एवढं माहीत असलं तरी पुढचं सगळं कळेल.

मी कॉलेजात सेकंड बेसला खेळायचो. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, फक्कीने आखलेला डायमंड, दोघा-तिघांत मिळून एक ग्लोव्ह. कोल्हापूर हे कुस्तीचं आणि फुटबॉलचं गाव. पाटाकडील आणि खंडोबाची मॅच शाहू स्टेडियमवर असली की पेठांतली दुकानंसुद्धा लवकर बंद होतात. त्यात बेसबॉल खेळणारी पोरं म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण खेळ डोक्यात बसला तो बसलाच. पुढं नोकरी लागली साखर कारखान्यात, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून. त्यामुळं फ्रँको कुठून आला हे वाचलं तेव्हा मी तो मजकूर शेवटपर्यंत सोडला नाही.

त्याचा जन्म २३ ऑगस्ट १९५८ चा, आतो मायोर या गावी. वाढला तो सान पेद्रो दे माकोरीसजवळच्या कोन्सुएलोत. कोन्सुएलो हे साखर कारखान्याचं गाव. मध्ये कारखाना, भोवती कामगारांची वस्ती, आणि वस्ती संपली की ऊस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं राबायला कॅरिबियनच्या छोट्या बेटांवरून, सेंट किट्स, नेव्हिस, अँटिग्वा अशा ठिकाणांहून, इंग्रजी बोलणारी काळी माणसं आली. ती बेटं इंग्रजांच्या ताब्यातली, म्हणून ही माणसं येताना क्रिकेट घेऊन आली. कारखान्या-कारखान्यांच्या क्रिकेट टीम उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलानातवंडांनी आजूबाजूला बेसबॉल पाहिला आणि ते तिकडं वळले. ऊसतोडीला पुढं हैतीतून मजूर येऊ लागले, ते आजही येतात. त्या एका साखरपट्ट्यातून मेजर लीगमध्ये किती जण गेले ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. रिको कार्टी आणि अल्फ्रेडो ग्रिफिन तर कोन्सुएलोचेच. शिवाय सान पेद्रोचे टोनी फर्नांडेझ, जॉर्ज बेल, सॅमी सोसा, रॉबिन्सन कानो. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले फिल्डर, तर इतके निघाले की सान पेद्रोची ओळखच शॉर्टस्टॉपचं गाव अशी झाली.

आमच्याकडं गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, फडाच्या कडेला खोपी पडतात. कारखान्याच्या वजनकाट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग लागली की टोळीतली पोरं रांगेच्या बाजूला खेळत असतात. एक पोरगं मी पाहिलंय, सात-आठ वर्षांचं असेल. उसाच्या कांड्याने चिंधीचा चेंडू मारत होतं. चेंडू टाकणारी त्याची बहीण होती, ती मुद्दाम त्याच्या अंगावर टाकायची, आणि ते पाय न हलवता नुसतं कमरेतून वळून चेंडू ट्रॉलीच्या पलीकडं धाडायचं. डोमिनिकन पोरं दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ग्लोव्ह करून खेळतात, हे मी वाचलं होतं. पण त्या पोराची कंबर पाहिल्यावर मला कोन्सुएलो जास्त कळलं. तिथं कारखान्याच्या मैदानावर मोठ्या टीमचे लोक खेळाडू हेरायला येऊन बसतात. आमच्या वजनकाट्यावर कोण येणार?

फ्रँकोला १९७८ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने घेतलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पहिली रवानगी मोंटाना राज्यातल्या ब्यूटला, रॉकी पर्वतातल्या तांब्याच्या खाणींच्या गावी. कॅरिबियनच्या उन्हात वाढलेलं पोर थेट तिथं. मेजर लीगमध्ये तो उतरला २३ एप्रिल १९८२ ला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फिलीजने त्याच्यासकट पाच खेळाडू क्लीव्हलंडला देऊन बदल्यात एकटा व्हॉन हेझ घेतला. पाचाला एक असा सौदा. त्या सहा जणांत सगळ्यात जास्त काळ टिकला तो फ्रँको, हेझ निवृत्त झाल्यानंतरही पंधरा वर्षं.

क्लीव्हलंडची वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती चांगली होती पण त्यांत वळण नाही. तिथं तो शॉर्टस्टॉपचा सेकंड बेसमन झाला. १९८८ च्या डिसेंबरात टेक्सास रेंजर्सकडं गेला आणि तिथं खरा फुलला. १९९० चा निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना शिकागोच्या रिग्ली फील्डवर झाला, पावसाने तासाभराहून जास्त खेळ थांबला होता. पाऊस उघडल्यावर फ्रँको बॅटिंगला आला, समोर रॉब डिबल, त्या काळातला सगळ्यात वेगवान पिचर्सपैकी एक. फ्रँकोने त्याला डबल मारून दोन धावा आणल्या आणि सामना २-० असा तेवढ्यावरच संपला. सामनावीर तोच. पुढच्या वर्षी, १९९१ ला, सरासरी ०.३४१, हिट्स २०१, वर ३६ वेळा बेस चोरला. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचा बॅटिंगचा किताब त्याचा.

त्याचा स्टान्स, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची ढब, एकदा पाहिला की विसरत नाही. बॅट डोक्याच्या वर उचललेली, तिचं टोक मागं नाही तर पुढं वळून पिचरवर रोखलेलं. गुडघे आत. बॅट जड. कुठलाही कोच पोराला असं उभं राहू देणार नाही, कारण तिथून बॅट चेंडूपर्यंत आणायला लांबचा फेरा पडतो. आम्ही कॉलेजात तसं उभं राहून पाहिलंय, पहिल्या चार चेंडूंत मनगट बोलायला लागतं. त्याला ते जमायचं, कारण चेंडू पिचरच्या हातातून सुटतानाच त्याचे हात निघालेले असायचे. आणि तो चेंडू उशिरापर्यंत येऊ द्यायचा, मग समोरच्या उजव्या मैदानात ढकलायचा. वेग कमी झाला तरी ही कला म्हातारी होत नाही. पुढची सगळी वर्षं त्याने याच कलेवर काढली.

१९९२ मध्ये गुडघा गेला. जवळजवळ पूर्ण मोसम बुडाला. परत आल्यावर फिल्डिंग कमी, बॅटिंगच जास्त. १९९४ ला शिकागो व्हाइट सॉक्सकडून तो झकास खेळत होता, २० होम रन, सरासरी ०.३१९, टीम आपल्या गटात पहिली. आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. मोसम तिथंच थांबला, मोसमाची अंतिम लढत असलेली वर्ल्ड सिरीजसुद्धा झाली नाही. मालक आणि खेळाडू यांचं भांडण मिटायची चिन्हं नव्हती. फ्रँको ३६ वर्षांचा. त्या वयात घरी बसून वाट बघायची की काम असेल तिथं जायचं?

तो जपानला गेला. चिबा लोट्टे मरीन्स. लोट्टे म्हणजे आपल्याकडं पोरांच्या डब्यात असतो तो चोको पाय बनवणारी कंपनी. जपानमध्ये टीम कंपन्यांच्या मालकीच्या असतात आणि टीमच्या नावात कंपनीचं नाव असतं. ही टीम तेव्हा कैक वर्षं तळाशी होती. टोकियोच्या उपसागराच्या काठावरचं त्यांचं मैदान वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, उंच उडालेला झेलसुद्धा वारा कुठंही नेतो. १९९५ ला टीमने मॅनेजर आणला बॉबी व्हॅलेंटाइन, म्हणजे टेक्सासमधला फ्रँकोचाच जुना साहेब.

जपानमध्ये सराव १ फेब्रुवारीला सुरू होतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. पिचर फोर्कबॉल भरपूर टाकतात, बॅटजवळ आल्यावर खाली पडणारा चेंडू. अमेरिकेत नाव कमावलेले कितीतरी बॅटर तिथं जाऊन वैतागून परत आलेत. फ्रँकोने सरासरी काढली ०.३०६. पहिल्या बेसवरच्या फिल्डिंगसाठी गोल्डन ग्लोव्ह मिळवला, शिवाय जपानच्या दोन लीगपैकी पॅसिफिक लीगच्या बेस्ट नाइनमध्ये, म्हणजे मोसमातल्या उत्तम खेळाडूंच्या यादीत, निवडला गेला. ज्या माणसाला अमेरिकेत गुडघ्यामुळं निव्वळ बॅटर करून ठेवलं होतं, त्याने जपानमध्ये फिल्डिंगचं बक्षीस घेतलं! टीम दुसरी आली. पहिली आली पुढं अमेरिकेत गाजलेल्या इचिरो सुझुकीची ओरिक्स, कोबेच्या भूकंपाच्या वर्षी कोबेचीच टीम. एवढं होऊनही जनरल मॅनेजरशी पटलं नाही म्हणून व्हॅलेंटाइनला घालवलं. दहा वर्षांनी, २००५ ला, त्याच व्हॅलेंटाइनने परत येऊन लोट्टेला जपान सिरीज जिंकून दिली.

इथं थोडं माझं.

मी काही वर्षं युगांडात होतो, जिंजा गावाजवळच्या एका साखर कारखान्यात. कोल्हापूर-सांगलीचे पॅनमन, केमिस्ट, फिटर पूर्व आफ्रिकेत पुष्कळ जातात, त्यात नवल नाही. तिथं ऊस आपल्यासारखा पिकत नाही, कारण थंडी नाही आणि पाऊस वर्षातून दोनदा. रसाची प्युरिटी कमी. आपल्या भागात उतारा बारा टक्क्यांच्या वर गेला की आपण छाती पुढं काढतो, पण त्यात अर्धं श्रेय हवामानाचं आणि जमिनीचं असतं. हलक्या रसातून दाणा उभा करायचा म्हणजे पॅनवर, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यावर, डोळा लावून बसावं लागतं. मी लॅबचं जे काही खरं शिकलो ते तिथं शिकलो. गाळप तिथं जवळजवळ वर्षभर चालतं, त्यामुळं शिकायला सुट्टी नाही.

वडील गेल्यावर परत आलो. एका कारखान्यात मुलाखत झाली. फाईल उलटत समोरच्या गृहस्थांनी सांगितलं, ‘तिकडची वर्षं धरता येणार नाहीत. तुमची सिनिऑरिटी इथून सुरू.’ त्यांनी मला एकही तांत्रिक प्रश्न विचारला नाही. तिकडं प्युरिटी किती असायची, मळीत साखर किती जायची, काही नाही. कागदावरची काही वर्षं अशी पुसली गेली. ती नोकरी मी घेतली नाही. पण तेव्हापासून कुणाच्या कामाची वर्षं कोण मोजतं आणि कशी मोजतं, याकडं माझं लक्ष असतं. फ्रँकोचे हिट्स मला लागतात ते यामुळं.

तर १९९६ ला तो क्लीव्हलंडला परतला आणि ०.३२२ ची सरासरी काढली. म्हणजे जपानने त्याला बिघडवलं नव्हतं. १९९७ ला क्लीव्हलंडने मोसमाच्या मध्यावर सोडलं, मिलवॉकीने घेतलं, मग पुन्हा कुणी विचारलं नाही. १९९८ ला परत चिबा. पण आता व्हॅलेंटाइन नव्हता, आणि त्या उन्हाळ्यात लोट्टेने सलग १८ सामने हरून जपानचा विक्रम केला. अशा टीममध्ये राहून फ्रँकोने १८ होम रन आणि ०.२९० ची सरासरी दिली. रोज हरणाऱ्या टीममध्ये रोज सकाळी उठून सराव करणं, मला वाटतं हे १९९१ च्या किताबाइतकंच मोठं आहे. ते कुठल्याही ट्रॉफीवर कोरलेलं नाही एवढंच.

१९९९ ला मेक्सिको. तिथल्या टायगर्सकडून सरासरी ०.४२३. मोसमाच्या शेवटी अमेरिकेत टँपा बेने बोलावलं, आणि अख्ख्या महिन्यात त्याला एकदा बॅटिंग दिली. एकदाच. त्यात तो स्ट्राइकआउट झाला. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या नोंदीत फ्रँकोपुढं एक संधी आणि शून्य हिट एवढंच दिसतं. मेक्सिकोतली सव्वाशेहून जास्त हिट्स त्या पानावर नाहीतच. आकड्यांचं पुस्तक खोटं बोलत नाही, पण ते किती कमी बोलू शकतं याचा हा नमुना आहे.

२००० ला तो कोरियात गेला, डेगू शहरातल्या सॅमसंग लायन्सकडं. मोसमात वय ४२ झालं. २२ होम रन, ११० धावा आणल्या, सरासरी ०.३२७. कोरियात वयाला मान देण्याची रीत आपल्यासारखीच, किंबहुना जास्त. आणि हा पाहुणा वयाने टीममधल्या सगळ्यांच्या वरचा असून पोरांइतकाच पळत होता. २००१ ला पुन्हा मेक्सिको, सरासरी ०.४३७.

मेक्सिकोच्या आकड्यांवर एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू कमी वळतो. पिचिंगचा दर्जाही मेजर लीगचा नाही. म्हणून ०.४३७ ला अमेरिकेतल्या ०.४३७ इतकं वजन देऊ नका, मलाही ते मान्य आहे. पण याच आकड्यांकडं बघून अटलांटा ब्रेव्ह्जने ऑगस्टच्या शेवटी त्याला विकत घेतलं, आणि ४३ व्या वर्षी तो सरळ मेजर लीगमध्ये उतरून २५ सामन्यांत ०.३०० खेळला. मग मेक्सिकोतलं खेळणं खोटं कसं? तिथं तो काही विसाव्याला गेला नव्हता. तिथं त्याचे हात चालू होते म्हणून इथं चालले.

अटलांटात तो २००५ पर्यंत राहिला. २००४ ला, ४५ संपून ४६ लागलं त्या मोसमात, सरासरी ०.३०९. मग न्यूयॉर्क मेट्स. २० एप्रिल २००६ ला सान डिएगोत त्याने होम रन मारला आणि मेजर लीगमधला सर्वांत वयस्क होम रनवाला झाला. आधीचा विक्रम १९३० चा, जॅक क्विन नावाच्या पिचरचा. पुढच्या वर्षी, ४ मे २००७ ला, फिनिक्समध्ये त्याने स्वतःचाच विक्रम पुढं नेला. समोर रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा, वय ४३, ज्याच्यापुढं उभं राहायला पंचविशीतली पोरं टरकायची. फ्रँकोचं वय ४८ वर्षं आणि आठ महिने. चेंडू उजवीकडच्या कुंपणापलीकडं गेला, म्हणजे जिथं तो आयुष्यभर मारत आला त्याच बाजूला. त्याच सामन्यात त्याने बेससुद्धा चोरला.

हा व्हिडिओ मी आमच्या तात्यांना दाखवला. तात्या माझे चुलते. जुने पैलवान, लाल मातीतले, गावोगावच्या जत्रांची मैदानं केलेले, आता गुडघ्यांनी अंथरुणाशी जखडलेले. बेसबॉल म्हणजे काय हे त्यांना सांगायला बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती, म्हणून नुसता मोबाईल हातात दिला.

‘ह्यो असा वाकडा का उभा ऱ्हायलाय?’

‘त्याची पद्धतच आहे तशी, तात्या.’

त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी बॅटीकडं नाही, पायांकडं. ‘वाकडा न्हाई रं. पाय बघ की कसं रोवल्यात. वरचं अंग हलतंय, खालचं जाग्यावर हाय. ह्याला ढकलला तर पडायचा न्हाई.’ मग विचारलं, ‘वय किती म्हणालास?’

अठ्ठेचाळीस म्हटल्यावर गप्प झाले. खुराक काय, हा पुढचा प्रश्न येणारच होता. मी सांगितलं, दारू कधीच सोडली, देवाधर्माकडं वळला, झोप वेळेवर, आणि दिवसाला डझनाहून जास्त अंडी, पण फक्त पांढरं. तात्यांना पिवळं टाकून द्यायचं हे काही पटलं नाही. तूप नाही, थंडाई नाही, बदाम नाहीत, हे ऐकून त्यांनी मान हलवली. पण दारू सोडली आणि झोप वेळेवर, या दोन गोष्टींवर म्हणाले, ‘मग टिकणारच.’

मी त्यांना हिट्सचं भांडण सांगितलं. अमेरिकेतले मोजतात, बाकीचे मोजत नाहीत. तात्यांचं उत्तर लगेच आलं. ‘कुस्ती कुठल्या बी गावात मार. पाठ लागली म्हंजे लागली. खासबागेत मारली तर नाव मोठं हुतंय, ते खरं. पर वारणेच्या काठाला मारलेली कुस्ती मारलीच न्हाई, असं कोण म्हणंल?’

हाच वाद २०१६ ला जगभर झाला. १५ जूनला इचिरोचे जपानमधले १२७८ आणि अमेरिकेतले २९७९ मिळून ४२५७ हिट्स झाले, म्हणजे मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त हिट्स मारणाऱ्या पीट रोझच्या ४२५६ पेक्षा एक जास्त. रोझला ते रुचलं नाही. असंच चाललं तर उद्या त्याचे शाळेतले हिट्सही मोजाल, अशा अर्थाचं तो बोलला. मला रोझचा राग समजतो, कारण त्याने ते सगळे एका जागी, सगळ्यात कठीण लीगमध्ये मारले. पण शाळेतले हिट्स आणि पगारी व्यावसायिक लीगमधले हिट्स यात फरक आहे. जपानमध्ये समोरचा पिचर हौशी नसतो. त्याचंही घर त्या चेंडूवर चालतं.

फ्रँकोचा माझा हिशेब असा. मेजर लीग २५८६. जपान २८६. कोरिया १५६. मेक्सिको तीनशेच्या वर. डोमिनिकन हिवाळी लीग अडीचशेच्या वर. मायनर लीगचे सहाशेहून जास्त आहेत, ते मी बाजूला ठेवतो. ती शिकाऊ उमेदवारी, मीही माझी ॲप्रेंटिसशिप अनुभवात धरत नाही. बेरीज ३६०० च्या वर. माझ्या लेखी फ्रँकोचे हिट्स एवढे. पाहिजे तर मेक्सिकोला कमी वजन द्या, पण शून्य देऊ नका.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्या शाहू स्टेडियमवर आफ्रिकेतून आलेले फुटबॉलपटू पेठांच्या टीमकडून खेळून गेलेत. गॅलरीतलं पब्लिक त्यांना नावाने हाका मारायचं, गोल झाला की खांद्यावर घ्यायचं. मोसम संपला की ती पोरं कुठल्या तरी दुसऱ्या शहराकडं निघून जायची. त्यांचे कोल्हापुरातले गोल कुणीतरी वहीत नोंदवून ठेवले असतील तर मला ती वही बघायची आहे. नसतील तर अजूनही वेळ गेलेली नाही, सामने पाहिलेली माणसं हयात आहेत.

फ्रँको मेजर लीगमध्ये शेवटचा खेळला १७ सप्टेंबर २००७ ला, पुन्हा अटलांटाकडून. पुढच्या वर्षी मेक्सिकोत थोडा खेळला आणि ४९ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. ती त्याने फारशी पाळली नाही. २०१४ ला ५५ व्या वर्षी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या एका स्वतंत्र लीगमधल्या टीमकडून उतरला. २०१५ ला जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इशिकावा मिलियन स्टार्सचा मॅनेजर झाला, आणि नुसतं बाकावर न बसता बॅट घेऊन स्वतःही खेळला. वय ५६. ही छोट्या गावांची लीग आहे, मोठ्या लीगमध्ये जागा न मिळालेली किंवा तिथून सुटलेली पोरं तिथं खेळतात. त्या पोरांना सकाळच्या सरावाला आपल्या शेजारी उभा असलेला म्हातारा १९९१ चा अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन आहे, हे माहीत होतं.

तिथून तो कोरियात गेला, बुसानच्या लोट्टे जायंट्सला बॅटिंग कोच म्हणून. तिथल्या पोरांना त्याने आपला स्टान्स शिकवला असेल असं मला वाटत नाही, तो दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. चेंडू उशिरापर्यंत येऊ देऊन उजवीकडं मारायचं मात्र नक्की शिकवलं असणार. कॉलेजातली पोरं रविवारी विद्यापीठाच्या मैदानावर अजूनही खेळायला येतात, त्यांना मीही सध्या तेवढंच शिकवतोय.